मंडईतली शेवटची सभा

माझा आवाज मोठा आहे, एवढी एकच गोष्ट माझ्याबद्दल छातीठोकपणे सांगता येईल. तो कुठे आणि कधी वापरायचा याची अक्कल मात्र देवानं सोबत दिली नाही. वरठीला स्टेशनच्या रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि फ्लेक्सचं दुकान आहे, पण आजूबाजूच्या गावांत मला ओळखतात ते माइकवाला म्हणूनच. लग्नाची वरात, शाळेचं गॅदरिंग, कबड्डीचे सामने, सगळीकडे मीच बोलतो. एका शोकसभेत अध्यक्ष आले तेव्हा सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेबांचं जोरदार टाळ्यांनी स्वागत करू या." आणि लोकांनी वाजवल्या. मयताचा जावईसुद्धा वाजवत होता.

अशा माणसाच्या हाती भाऊंनी आपला प्रचार दिला.

भाऊ म्हणजे आमच्या पक्षाचे तालुकाध्यक्ष. सारी उमर दुसऱ्यांना निवडून आणण्यात गेली. कुणाचा अर्ज भरायचा, कुणाची समजूत काढायची, मोठ्या साहेबांच्या सभेला गाड्या भरून माणसं न्यायची, हे भाऊंचं काम. स्वतः कधी उभे राहिले नाहीत. या खेपेला जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आणि पक्षानं त्यांना त्यांच्याच सर्कलमधून, म्हणजे गटातून, तिकीट दिलं. त्यात त्यांचं जन्मगावही आलं. आंबागडचा किल्ला ज्या डोंगरावर आहे, त्याच्या पायथ्याचं, धानाच्या बांध्यांमधलं गाव. मुलांच्या शिक्षणासाठी भाऊंनी ते कधीचंच सोडलं होतं आणि तुमसरला घर बांधलं होतं.

प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत पुढारी कसा दिसतो, हे लांबून टाळ्या वाजवणाऱ्याला कळत नाही. मला कळतं, कारण मी त्याच गाडीत बसून त्याच्या वाट्याचे शेंगदाणे खात असतो. गळा पहिल्यांदा जातो. मग पाय सुजतात. मग डोळे. समोर माणूस दिसतो, पण नाव सुचत नाही. त्यासाठी भाऊंनी मला शेजारी ठेवलं होतं. मी कानात नाव सांगायचं आणि भाऊंनी हात पुढे करायचा. त्यातही मी दोन सख्ख्या भावांची नावं अदलाबदल केली. त्या दोघांत शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कोर्टकचेरी सुरू होती. भाऊंनी थोरल्याला धाकट्याच्या नावानं मिठी मारली आणि ते घर गेलं हातचं.

गाडीत बसल्यावर भाऊ म्हणाले, "तू माया कानात कायले सांगतं? सरळ विरोधकाच्या गाडीत बसत जा. तेवढाच आपला फायदा."

एवढं बोलून त्यांना खोकला आला. आवाज अगदी फाटला होता. थर्मासमधलं हळदीचं पाणी प्यायचे, दोन वाक्यं बोलायचे, पुन्हा थर्मास. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी पोहे. नाही म्हटलं तर माणूस दुखावतो, म्हणून सगळीकडे खायचं आणि गाडीत येऊन आम्लपित्ताची गोळी चघळायची. अशा अवस्थेतही एक गोष्ट ते रोज विचारत.

"आपल्या गावात का हाल हाय?"

बाकीच्या गावांचा हिशेब ते स्वतः मांडत. उमेदवारच तीन झाले, मतं फुटतील, तिथं जमेल, अमुक गावाचा भरवसा नाही. आपल्या गावाचं मात्र मला विचारायचे, जसा माणूस डॉक्टरला विचारतो. कारण तिथली पहिली सभा पार पडली होती आणि तिला माणसं नव्हतीच. पारावर चार म्हातारे आणि शेजारच्या गोठ्यातली एक म्हैस. ती भाषणभर ऐकत होती. म्हाताऱ्यांतले दोघे मधूनच उठून गेले.

"जिल्ह्यानं पाडलं त चालीन," भाऊ त्या दिवशी म्हणाले होते. "पण मायं गाव माया मागं नसन, त मंग मी कोणाचा पुढारी?"

आणि मग माझ्या डोक्यात ती कल्पना आली. चांगल्या कल्पना माझ्या डोक्यात येतच नाहीत, त्या बाहेरूनच निघून जातात. ही मात्र थेट आत घुसली.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाची आपापली तारीख. दिवसा बाजार, पाळणे, उकडलेले सिंगाडे, उसाच्या मोळ्या, एका कोपऱ्यात दंडारवाले नाचतात-गातात, आणि रात्री नाटक. भाऊंच्या गावची मंडई नेमकी प्रचाराच्या शेवटच्या दिवशी आली होती. मी म्हणालो, "भाऊ, शेवटची सभा तिथंच घेऊ. सारं गाव घराबाहेर असते. बोलवावं लागत नाही."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं असं आता वाटतं. पण गळा बसलेला, आणि समोर आणखी तीन गावं. ते एवढंच म्हणाले, "पाय बाबा."

मी पाहिलं. देऊळ आणि मंडईचा बाजार यांच्या मधल्या जागेत स्टेज टाकला, चारही दिशांना भोंगे बांधले. दुपार कलली आणि माणसांचा असा लोंढा सुरू झाला की माझ्या अंगावर काटा आला. नवी लुगडी, नवे शर्ट, खांद्यावर पोरं, हातात ऊस. स्टेजसमोर बसायला मी सतरंज्या टाकल्या होत्या, त्या भरल्या. मागं उभ्या राहिलेल्यांच्या रांगा पाळण्यापर्यंत गेल्या. आधीच्या सभेतली म्हैस आठवून मला गहिवरून आलं. मी माइक हातात घेतला आणि सुटलोच.

"आज या मातीनं आपल्या लेकाला कुशीत घेतलं आहे. हा जनसागर पाहा. ज्यांना शंका होती की भाऊंचं गाव भाऊंच्या सोबत नाही, त्यांनी इथं येऊन आपल्या डोळ्यांनी पाहावं." असं बरंच काही. एक बाई लेकराला सिंगाडा सोलून देत माझ्याकडे कौतुकानं पाहत होती. मी तिच्याचकडे पाहून बोलत राहिलो. अशा वेळी एक चेहरा धरून ठेवावा, बोलायला सोपं जातं.

भाऊ आले. गाडीतून उतरले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर गर्दी पाहून जे आलं, ते मी उभ्या प्रचारात पाहिलं नव्हतं. सुजलेल्या पायांनी पायऱ्या जवळजवळ धावतच चढले. मी हार घातला. ते पुढं झाले, हात जोडले आणि पहिल्या रांगेवरून नजर फिरवू लागले. मग दुसऱ्या. मग मागच्या. नजर पुढं जात होती आणि चेहरा उतरत होता. मला वाटलं, भरून आलंय. मी लगेच माइकवर म्हणालो, "भाऊंचे डोळे पाणावले आहेत."

भाऊंनी माझ्या हातातून माइक काढून घेतला. भोंग्यातून फक्त त्यांच्या श्वासाची घरघर येत होती.

"राम राम," ते म्हणाले. "पाहुणे मंडळी, तुमी आमच्या गावच्या मंडईले आले. मले लय बरं वाटलं."

पाहुणे? मी स्टेजच्या कडेला उतरून त्या सिंगाड्यावाल्या बाईला विचारलं, "ताई, तुम्ही कोण्या वॉर्डाच्या?"

"आमी त बालाघाटचे," ती म्हणाली. "अठी माई नणंद दिली हाय."

"आणि ह्या बाजूच्या?"

"थ्या तिरोड्याच्या. आमी एकाच घरी उतरलो."

मी तिच्या मागच्या माणसाला विचारलं. तो साकोलीचा. त्याच्या मागचा भंडाऱ्याचा, मंडईला मामाकडे आलेला. त्याच्या मागचा मला विचारू लागला, "भाषण कवा संपते? आमाले पाळणा पायचा हाय."

हे मला आधीच कळायला हवं होतं. दरसाल मी स्वतः सासुरवाडीच्या मंडईला जातो, सकाळपासून जेवतो आणि दुपारी नवा शर्ट घालून बाजारात हिंडतो. त्या वेळी माझे साळे आणि साळ्यांच्या बायका कुठं असतात? घरी. पाहुण्यांच्या पंगती वाढत. मंडईच्या दिवशी दुपारी गावात फिरणारा माणूस म्हणजे दुसऱ्या गावचा माणूस, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि मी परगावच्या, परजिल्ह्याच्या आणि थेट मध्यप्रदेशच्या लोकांना सतरंज्या टाकून मतं मागायला भाऊंना उभं केलं होतं.

गावचे लोक अगदीच नव्हते असं नाही. उसाच्या मोळ्या घेऊन घराकडे जाणारे, किराणा संपला म्हणून निघालेले काही जण सभेच्या कडेनं जात होते. भाऊ प्रत्येकाला ओळखत असणार, कारण त्यांची मान प्रत्येकाबरोबर वळत होती. त्यांतला एकही थांबला नाही. एकानं हात वर केला, पण चालता चालताच.

भाऊंनी मत मागितलंच नाही. त्या फाटलेल्या आवाजात त्यांनी पाहुण्यांना गाव सांगितलं. तलाव कुठं आहे, किल्ल्यावर जायची वाट कोणत्या बाजूनं जाते, दंडारीत पूर्वी ते आणि त्यांचा दोस्त मिळून राजाराणी होत असत आणि राणी भाऊ स्वतः होत. त्यावर लोक हसले. "जेवल्याशिवाय जाऊ नका," शेवटी म्हणाले. "आमच्या गावात कोणी उपाशी परत जात नाही." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. खऱ्या टाळ्या होत्या त्या, आणि एकीलाही मत नव्हतं.

प्रचार बंद व्हायची वेळ झाली, भोंगे उतरवले. मी भाऊंसमोर उभा राहिलो, शिव्या खायची तयारी करून. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भाऊ, मले समजलं नाही."

"मले समजत होतं," भाऊ म्हणाले. "तू सांगतलं तवाच समजत होतं. पण मले वाटलं, घरून कोणीतरी येईनच." मग म्हणाले, "गाडी राहू दे. चाल, पायी जाऊ."

आम्ही गावात शिरलो. प्रत्येक घराच्या अंगणात चपलांचा ढीग, आतून रश्श्याचा वास. कुणी आमच्या तोंडावर दार लावलं नाही. उलट सगळे उठून उभे राहत. "या साहेब. बसा साहेब. चिवडा घ्या साहेब." पहिल्या दोन घरांत मी खूश झालो. केवढा मान देतात, असं भाऊंच्या कानात म्हणालोसुद्धा. भाऊंनी नुसतं मान हलवून ऐकलं. तिसऱ्या घरातून निघताना म्हणाले, "या घरातल्या बुडीनं मले लहानपणी झाडूनं मारलं हाय. तिची सून मले साहेब म्हणते."

मग ते दोस्ताच्या घरी गेले. दंडारीतला राजा तो हाच. अंगणात पाहुण्यांची पंगत बसायच्या तयारीत होती, तो पत्रावळी मांडत होता. भाऊंना पाहून सरळ झाला.

"या साहेब," तो म्हणाला. "खुर्ची आण गं."

"साहेब काहून म्हणतं बे?"

"मंग का म्हणू?"

"लहानपणापासून जे म्हणतं थे म्हण. शिवी दे."

"शिवी घरच्याले देतेत," दोस्त म्हणाला आणि पुढची पत्रावळ मांडली.

भाऊ खुर्चीवर बसले नाहीत. "तुले राग हाय, त बोल," ते म्हणाले. "मी मत मागाले नाई आलो."

"मंग कायले आला? मंडई त दरसालच असते." दोस्ताचा आवाज चढला नव्हता. पाहुणे ऐकत होते म्हणून असेल. "माय गेली तवा दुपारलोक मी तिले उचलू दिलं नाई. सारे म्हणत, ऊन वाढते, चाला. मी म्हणलो, थांबा, थो येते. माया मायनं त्याले आपल्या ताटातलं खाऊ घातलं, थो येतेच. तू नाई आला. दुसऱ्या दिवशी चौकात तुया फोटो आला."

मी तिथल्या तुळशीकडे पाहू लागलो.

तो फोटो मला पाठ होता. मोठ्या साहेबांच्या प्रचाराची शेवटची दौड सुरू होती तेव्हाची गोष्ट. भाऊ निरोप येताच निघायला उठले होते. मीच म्हणालो, भाऊ, आज सभा सोडून कसं जमेल, मी श्रद्धांजलीचा फ्लेक्स पाठवतो, तेरवीला जाऊ. तेरवीच्या दिवशी मोठ्या साहेबांची आणखी एक सभा निघाली. फ्लेक्सवर भाऊंचा हात जोडलेला मोठा फोटो आहे आणि वरच्या कोपऱ्यात वाटीएवढ्या गोलात म्हातारी. आमच्या धंद्यात नेत्याचा फोटो मोठाच घेतात. मी विचारच केला नव्हता.

"माया मायचा फोटो तुया कानाएवढा होता," दोस्त म्हणाला. "थो बॅनर कोणं केला होता?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "माया नावानं होता न," ते म्हणाले. "मंग मीच केला."

मला बोलायचं होतं. आयुष्यात जिथं नको तिथं बोललो, आणि इथं हा मोठा आवाज नरड्यातच बसून राहिला.

दोस्ताची बायको भाताचं भांडं घेऊन आली. पाहुणे ओळीनं बसले. भाऊ बाजूला सरकून भिंतीशी उभे राहिले.

"बसा साहेब," दोस्त पंगतीतल्या रिकाम्या पत्रावळीकडे हात करून म्हणाला.

"मी मांगून बसतो," भाऊ म्हणाले. "तुमच्यासंग."

मंडईच्या दिवशी आमच्याकडे पाहुणे आधी जेवतात. घरची माणसं त्यांना वाढतात आणि सगळ्यांत शेवटी, उरलंसुरलं घेऊन, स्वयंपाकघरात एकत्र बसतात. भाऊंनी काय मागितलं होतं, हे अंगणातल्या प्रत्येकाला कळलं. दोस्ताच्या बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. तिचा हात भाताच्या भांड्यावर थांबला होता.

"नाही," दोस्त म्हणाला. "पाहुणे पयले. बसा."

भाऊ बसले. बालाघाटच्या आणि तिरोड्याच्या माणसांच्या मधोमध. दोस्तानं स्वतः त्यांना वाढलं, रस्सा दोनदा वाढला, आग्रह केला, कशालाही कमी पडू दिलं नाही. शेजारच्या पाहुण्यानं विचारलं, "तुमचं कोणतं गाव?" भाऊंनी तोंडात घास असल्याचं दाखवून नुसता हात हलवला.

मतदान झालं. मोजणीच्या दिवशी मी पेटी-पेटीचे आकडे ऐकून भाऊंना सांगत होतो. भाऊ जिंकले. मतं फुटतील हा त्यांचा अंदाज खरा निघाला, दोघांच्या भांडणात हे थोडक्यात वर राहिले. बाहेर गुलाल उधळला, डीजे लागला, मला कुणीतरी खांद्यावर उचललं आणि माझं वजन लक्षात येताच लगेच खाली ठेवलं.

भाऊंनी मला बाजूला ओढलं. "गावची पेटी?"

माझ्या पोटात काही राहत नाही. "मागं आहोत भाऊ," मी म्हणालो. "तिघांत तिसरे."

त्यांनी मान हलवली आणि लोकांच्या गळ्यात पडायला निघून गेले. दिवसभर हसत होते. फोटोत पाहा, हसतानाच आहेत.

जुलूस निघाला. निवडून आलेल्यानं आधी आपल्या गावच्या मारुतीला जायचं, असा रिवाज. गावाच्या फाट्यावर भाऊंनी डीजे थांबवायला लावला. ट्रकवरून उतरले, एकेक करून सगळे हार काढले आणि माझ्या हातात दिले. बोरिंगच्या हातपंपावर जाऊन तोंड धुतलं. गुलाल कानामागून काही गेला नाही. मग मला म्हणाले, "तू अठीच राह्य," आणि दोस्ताच्या घराकडे एकटेच चालू लागले.

ते घर फाट्यावरून दिसतं. दोस्त बहुधा शेतावर होता, धान चुरायचे, म्हणजे मळणीचे, दिवस होते. त्याची बायको अंगणात आली. भाऊ ओट्याच्या कडेला खालीच बसले. ती आत गेली, प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आली आणि पदरानं पुसून त्यांच्यापुढं ठेवली. भाऊंनी हातानं नको म्हटलं. ती पदर सावरून खुर्चीच्या बाजूला उभी राहिली, वाट पाहत.

मग भाऊ उठले आणि खुर्चीवर बसले.